पाळीकडचं खोल पाणी

कारखान्याला तीन वर्षं झाली होती आणि मॅनेजरसाहेबांच्या बंगल्यामागचा पोहायचा हौद तीनशे वर्षांचा दिसत होता. भिंतीत हात जाईल एवढी भेग, तळाला शेवाळ, कोपऱ्यात बेडकांचा भरलेला संसार. कोरपन्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात तडकते. तिच्या या स्वभावाची चौकशी न करता कुणीतरी शहरात बसून हौद आखला होता, आणि मातीने तो पहिल्याच वर्षी चिरून ठेवला. कामगारांच्या वसाहतीत तेव्हा सकाळी अर्धा तास नळ यायचा. साहेबांच्या हौदातलं पाणी मात्र चोवीस तास वाहायचं, जमिनीत. तेव्हा कारखान्याने पाण्याची सोय केली नाही, असं कुणी म्हणू नये.

ही पंच्याऐंशीच्या आसपासची गोष्ट. मी तिथे नुकताच सिव्हिलचा ज्युनिअर इंजिनिअर म्हणून लागलो होतो आणि सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर होतो. म्हणजे मी इंजिनिअर आहे की नाही, हे सहा महिन्यांनी साहेब ठरवणार होते. विद्यापीठाने ते आधीच ठरवून तसा कागद मला दिला होता, पण कारखान्याला विद्यापीठाचं अक्षर लागत नसावं.

माझं गाव जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, 'झाडी' म्हणतात त्या जंगलपट्टीत. धानाचं आणि तलावांचं गाव. आजा, बाप, काका, सगळे तलावात मासे धरणारे. घरात सही करणारा पहिला माणूस मी, कॉलेजात गेलेला पहिला मी, आणि हे मी आजही कुणी न विचारता सांगतो. नोकरीचं पत्र आलं तेव्हा बापाने प्रोबेशन म्हणजे काय ते विचारलं. मी म्हटलं, सहा महिने पाहतात.

"पाहू दे ना," बाप म्हणाला. "तुह्यात काय खोट हाये? पाहतीन अन् ठेवतीन."

आणि तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, बसून त्याने सगळ्या गावाला सांगून टाकलं की पोरगा पक्का झाला. त्यामुळे माझ्यापुढे दोनच वाटा उरल्या. एक तर खरंच पक्कं व्हायचं, नाहीतर गावी जायचंच नाही.

हौदाची दुरुस्ती माझ्याकडे आली ती बाकी कुणाला नको होती म्हणून. जुना हौद सगळीकडे छातीएवढा खोल होता. साहेब मोठ्या शहरांतल्या क्लबांत पोहलेले, त्यांना हे गावठी वाटायचं. आता एक बाजू उथळ हवी होती आणि एक खोल, शिवाय निळ्या टाइल्स. मुख्य कचेरीतून ड्रॉइंग आलं. हौद लांबीत कापून दाखवलेला, एका टोकाला तीन फूट, दुसऱ्या टोकाला नऊ. कागद फार देखणा होता. फक्त बंगला कोणत्या बाजूला आहे ते त्यावर नव्हतं, आणि उत्तर दिशाही नव्हती. काढणाऱ्याला दोन्ही गोष्टी क्षुल्लक वाटल्या असाव्यात.

हौदासोबत मागचं अंगणही सुधारायचं होतं. साहेबांच्या बाई मुलांच्या शाळेसाठी शहरात राहायच्या आणि तिथून पत्राने सूचना पाठवायच्या. हिरवळ, गुलाबाचे वाफे, झोपाळा, पांढऱ्या गोट्यांची पायवाट, आणि भूछत्रासारखी एक सिमेंटची छत्री, जिच्याखाली बसून सरबत प्यायचं. कोपऱ्यातलं मोहाचं झाड तोडावं, असंही एका पत्रात होतं. मी पाच मजुरांना सांगितलं, तर पाचही जणांची कंबर त्याच दिवशी धरली. सहाव्याला विचारायचं धाडस मी केलं नाही आणि झाड राहिलं.

मिस्त्री मी माझ्याकडचा आणला. साठीच्या आसपासचा माणूस. सगळं आयुष्य झाडीतल्या तलावांच्या पाळी बांधण्यात आणि फुटलेल्या पाळी बुजवण्यात गेलेलं. सिमेंटचं काम पुढे धरणावर शिकला. लिहिता-वाचता येत नव्हतं. चारचौघांत मला "इंजिनेरसायेब" म्हणायचा आणि ते असं म्हणायचा की मला आपल्या शर्टाची बटणं तपासावीशी वाटायची. दोघंच असलो की "बाबू".

दिवाळीनंतर काम सुरू झालं. जुना तळ फोडला, खालची काळी माती चार फूट उपसून काढली, मुरूम भरून धुमसाने ठोकून घेतला. उपसलेल्या मातीचं काय करायचं ते साहेबांनी ठरवलं. बंगला आणि हौद यांच्या मध्ये ती लांबट रचायची आणि वर गवत लावायचं, म्हणजे उंच हिरवळ होईल. चार दिवसांत अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पुरुषभर उंचीचा मातीचा बांध उभा राहिला. पलीकडे मोहाच्या झाडाकडे जमीन हळूहळू चढत गेलेली. मिस्त्रीने कमरेवर हात ठेवून एकदा पाहिलं.

"पाळ झाली, बाबू."

मी म्हटलं, "झाली."

आणि मग मी ड्रॉइंग उघडलं. आता जे सांगतो ते नीट ऐका, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. आमच्याकडे तलाव खोदत नाहीत, अडवतात. पाणी उंचावरून उतरत येतं आणि पाळीला लागून थांबतं. म्हणून पाळीशी पाणी सगळ्यात खोल आणि पलीकडच्या टोकाला पोटरीएवढं. हे आमच्या भागात कुणी कुणाला शिकवत नाही. चालायला लागलेल्या पोराला एवढंच सांगतात की तिकडून जा, पाळीकडून उतरू नको. तर इथे समोर पाळ होती. पलीकडे चढ होता. मी कागद हातात धरला तो नऊ फुटांचं टोक पाळीकडे करूनच. तो फिरवूनही धरता येतो, हे माझ्या मनात आलं नाही. मिस्त्रीने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. त्याने पाळीकडे खोल खणायला घेतलं आणि मला वाटलं, किती समजूतदार माणूस आहे.

पायऱ्या बंगल्याकडून हव्यात, एवढं साहेबांनी सांगितलं होतं. ते तर आम्हाला फारच पटलं, घाट पाळीलाच असतो. पायऱ्या किती, ते त्यांनी सांगितलं नव्हतं. नऊ फूट खोल उतरायला लागतात तेवढ्या, म्हणजे अकरा, आम्ही झोकात बांधल्या.

साहेबांनी पाहिलं नाही का, असं कुणी विचारील. ते रोज चहाच्या वेळी माडीच्या गच्चीतून पाहायचे. तिथून बांध दिसायचा, आणि बांधापलीकडे सिमेंट ओलं राहावं म्हणून अंथरलेली पोती दिसायची. ते वरून विचारायचे, "कितना हुआ?" मी खालून सांगायचो, "होऊन राह्यलं, साहेब." ते म्हणायचे, "गुड." एवढ्या देखरेखीखाली मी यापूर्वी कधी काम केलं नव्हतं.

मार्चच्या मध्यावर मुख्य कचेरीतले डायरेक्टर सहकुटुंब येणार होते आणि हौदाचं उद्घाटन त्यांच्या हस्ते नव्हे, सबंध अंगानेच व्हायचं होतं. माझं प्रोबेशनही त्याच महिन्यात संपत होतं. त्याआधी दहा दिवस आम्ही पाणी सोडलं. निळ्या टाइल्सवरून ते सरळ पाळीकडे गेलं आणि तिथे साचायला लागलं. मला ते पाहून गाव आठवलं. आपण काहीतरी बरोबर केलंय, असं फार वाटलं.

अर्ध्याअधिक पायऱ्या पाण्याखाली गेल्या तेव्हा मुंबईहून आलेलं एक लांब खोकं चार माणसं घेऊन आली. त्यात सूर मारायची फळी होती. तोवर ती सामानाच्या यादीतली एक ओळ होती, कुठे बसवायची ते कुणी बोललं नव्हतं. साहेब पहिल्यांदाच गच्चीतून उतरून अंगणात आले, बांधावर चढले आणि हात लांब करून म्हणाले, "बोर्ड उधर, पेड़ के नीचे." मग पायऱ्यांकडे बोट केलं. "और बच्चे लोग इधर से उतरेंगे."

मिस्त्री माझ्या मागे उभा होता. हळूच म्हणाला, "तिकडे तं कमरेच्या खाली पाणी राहीन."

"क्या बोल रहा है?" साहेबांनी विचारलं.

"फाउंडेशन घ्यावं लागेल म्हणतो," मी सांगितलं. या सगळ्या प्रकरणात साहेबांशी मी खोटं बोललो ते एवढंच. साहेब "गुड" म्हणून कारखान्यात गेले.

आम्ही दोघं बांधावर बसलो.

"तिकडून उडी मारतीन तं डोस्कं फुटन," मिस्त्री म्हणाला.

"फुटन."

"अन् लेकरं इकडून उतरतीन तं..." त्याने घाटाच्या पायऱ्या बोटाने मोजल्या. मग म्हणाला, "शहरात घराकडे उथळ पाणी राह्यते का, बाबू?"

"राह्यत असन."

"काऊन?"

चार वर्षांत पाण्याचा दाब शिकलो, वेग शिकलो, ते घराकडे उथळ का असावं हे कुठल्या पेपरात आलं नव्हतं. आज कळतं. पोरं घरातून धावत येतात, त्यांना आधी उथळ पाणी लागावं. साहेबांना वाटलं, हे काय सांगायचं? आम्हाला वाटलं, हे काय विचारायचं? आणि या दोन शहाणपणांच्या मधोमध नऊ फूट पाणी भरत होतं.

"माह्यावर ढकल," मिस्त्री म्हणाला.

"काय?"

"म्हण, मिस्तऱ्यानं उलटं खंदलं. अडाणी माणूस, त्याले कागद समजत नाई. मले काय करतीन? घरी धाडतीन. मी तं तसाबी होळीले घरीच जाऊन राह्यलो."

"अन् पुढं काम?"

"फुटक्या पाळी काई कमी नाईत आपल्याकडे. तुह्यं पक्कं होऊ दे. तुह्या बापानं साऱ्या झाडीत सांगून ठेवलं हाये. माह्या गावापावतर आलं ते."

मी वरच्या साहेबांकडे गेलो. म्हणजे माझे उपअभियंते, पुण्याकडचे. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "अहो, 'चूक' हा शब्द कार्यालयात वापरायचा नसतो," ते म्हणाले. "आणि ते 'होऊन राह्यलं' साहेबांसमोर तरी नको. 'स्थानिक भूरचनेनुसार आराखड्यात बदल' असं एक टिपण टाका. नाहीतर मिस्त्री आहेच." पाऊस आला तर छत्री आहेच, अशा सुरात ते 'मिस्त्री आहेच' म्हणाले.

खोटं कशाला बोलू, मिस्त्रीचा तोडगा मला आवडला होता. दुपारभर मी तो मनात फिरवून पाहिला, सगळीकडून नीट बसत होता. तो स्वतःच म्हणत होता, त्याचं नुकसान नाही म्हणत होता. मी फार भला माणूस होतो म्हणून नाही म्हटलं, असं कुणी समजू नये. मला आडवा आला तो गर्व. मिस्त्रीने उलटं खणलं म्हणायचं, म्हणजे हौदाचा कागद मिस्त्रीने वाचला आणि मी पदवी घेऊन बाजूला उभा होतो म्हणायचं. माझ्या घराण्यात पहिल्यांदा कुणाला तरी कागद वाचता येत होता, आणि पहिलाच मोठा कागद हाती आला तर मी सांगणार होतो की तो मी वाचलाच नाही.

चारच्या सुमारास मी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. आमचं बोलणं हिंदीत झालं, माझ्या वाटणीचं मराठीत सांगतो.

"साहेब, हौद उलटा झालाय."

"उलटा मतलब?" तळ वर आलाय की काय, असं त्यांना वाटलं असावं.

"खोल बाजू बंगल्याकडे आली. बोर्ड झाडाकडे बसवला तर उडी मारणारा तळावर आपटेल. मुलं इकडून उतरली तर पाचव्या पायरीला बुडतील."

साहेबांनी पेन खाली ठेवला. "मिस्त्री ने गड़बड़ की?"

बघा, त्यांनीच विचारलं. मला फक्त मान हलवायची होती.

"नाही साहेब. ड्रॉइंग मी वाचलं. त्याला वाचता येत नाही. मला येतं."

"तो ऐसा क्यों पढ़ा?"

"आमच्याकडे पाणी पाळीशीच खोल असतं."

"आपके यहाँ, मतलब कहाँ?"

"इथेच, साहेब. या जिल्ह्यात."

साहेबांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. आपण नेमके कुठल्या जिल्ह्यात आहोत, याची पहिल्यांदाच खात्री करून घेत असावेत. मग विचारलं, तोडून परत होईल का? मी म्हटलं, दहा दिवसांत नाही. हौद फिरवता येत नाही, त्याच्या भोवतीचं सगळं फिरवता येतं.

तर आम्ही अंगण फिरवलं. सूर मारायची फळी बांधाच्या बाजूला बसवली. झाडाकडे चार नव्या पायऱ्या केल्या, पोरांसाठी. घाटाच्या तिसऱ्या पायरीवर लोखंडी कठडा लावून कुलूप घातलं, आणि हौदाच्या मधोमध तरंगणाऱ्या गोळ्यांचा दोर ताणला. गोट्यांची पायवाट वेचून तिकडे नेली, झोपाळा नेला. सिमेंटची छत्री उपटायला आठ माणसं लागली. ती आडवी पाडून गडगडत नेताना मिस्त्रीने घाम पुसून विचारलं, "इंजिनेरसायेब, बंगला राहू द्याचा ना तिथंच, का त्यालेबी फिरवाचं?" आठही जण हसले. मीही हसलो, जरा उशिरा.

डायरेक्टर आले. व्हरांड्यात चहा घेतला, पंधरा पावलं चालून बांधावर चढले, फळीवर उभे राहिले आणि सूर मारला. चांगला मारला, खोटं बोलणार नाही. वर येऊन तोंड पुसत म्हणाले की सगळीकडे त्या टोकापर्यंत अनवाणी चालत जावं लागतं, इथे खुर्चीतून उठलं की पाण्यात. ही कल्पना कुणाची?

"सोचा, कुछ अलग करते हैं," आमचे साहेब म्हणाले.

पलीकडे त्यांची नातवंडं मोहाच्या सावलीत कमरेएवढ्या पाण्यात डुंबत होती. मोह नुकता गळायला लागला होता. पिवळट फुलं टपटप पाण्यात पडत होती आणि पोरं ती गोळा करत होती. वास फार गोड आहे, कशाचं झाड, असं डायरेक्टरांच्या पत्नीने विचारलं. उपअभियंत्यांनी त्यावर बराच वेळ माहिती दिली. फुलांचं पुढे काय करतात, तेवढं सोडून.

मी आणि मिस्त्री बांधाच्या टोकाला, दिसणार नाही असे उभे होतो.

"'सोचा' म्हणते," मिस्त्री म्हणाला. "कवा सोचा जी? आपुन तं इथंच होतो."

चार दिवसांनी मला पत्र मिळालं. प्रोबेशन तीन महिन्यांनी वाढवलं होतं. कारण असं दिलं होतं की सदर कर्मचारी वरिष्ठांना न विचारता गोष्टी गृहीत धरतो. हे खरं होतं, मी नाकारत नाही. गृहीत साहेबांनीही धरलं होतं, पण प्रोबेशनवर मी एकटा होतो.

होळीला मी गावी गेलो नाही. काम फार आहे, असा निरोप मिस्त्रीबरोबर पाठवला. त्याला म्हटलं, बापाला बाकी काही सांगू नका. तो म्हणाला, "मले काय समजते, बाबू? मी तं अडाणी." परत आला तेव्हा त्याच्या पिशवीत बापाने दिलेले सुके मासे होते आणि बातमी होती. पक्क्या माणसाला सुट्टी नसते, असं बाप पाळीवर बसून सगळ्यांना समजावत होता.

जूनच्या शेवटी साहेबांनी उपअभियंत्यांना आणि मला बोलावलं. डायरेक्टरांना हौद इतका आवडला होता की ऑफिसर्स क्लबसाठी आणखी एक मंजूर झाला होता. वसाहतीतला नळ अजून अर्धा तासच यायचा, पण सगळं एकदम कसं होणार? टेबलावर नवं ड्रॉइंग होतं. एका टोकाला तीन फूट, दुसऱ्या टोकाला नऊ. इमारत नाही, उत्तर दिशा नाही.

मी विचारलं, "साहेब, खोल बाजू कोणीकडे?"

सूर्य कोणीकडून उगवतो असं विचारल्यासारखे ते माझ्याकडे पाहत राहिले. "बिल्डिंग की तरफ," ते म्हणाले. "जैसे मेरे यहाँ है. ऐसा ही होता है."

"अर्थात," उपअभियंते म्हणाले.

मी खिशातला पेन काढला, ड्रॉइंगच्या समासात मोठ्या अक्षरात लिहिलं, "खोल बाजू इमारतीकडे", शेजारी एक बाण काढला आणि कागद साहेबांपुढे सरकवला. म्हटलं, इथे सही हवी. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी पाहत राहिलो. त्यांनी सही केली. त्याच फायलीत खाली आणखी एक कागद होता, हेडक्लार्कने लावून दिलेला. साहेबांचा हात चालूच होता, त्यांनी त्यावरही सही केली. वाचला की नाही, सांगता येत नाही. तो माझ्या कन्फर्मेशनचा होता.

बाहेर येऊन मी मिस्त्रीला सांगितलं. बापाला काही कळवलं नाही. त्याच्या लेखी मी नऊ महिन्यांपूर्वीच पक्का झालो होतो.